हात जमेनात म्हणून कोंबडी

लहान मुलांना सद्गुण शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं, ते मी सद्गुणी आहे म्हणून नव्हे. चर्चच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती म्हणून. त्या कपाटात संडे स्कूलची चित्रपुस्तकं होती. परदेशातल्या कुणा दयाळू माणसांनी ती आमच्या मंडळीला भेट पाठवली होती. इतकी गुळगुळीत आणि इतकी रंगीत, की मुलांचे हात लागून खराब होऊ नयेत म्हणून आधीच्या शिक्षिकाबाईंनी ती कुलपात ठेवली. नाशिकमध्ये सद्गुण असे वर्षानुवर्षं सुरक्षित राहिले.

मी ते कुलूप उघडलं. पहिल्या पुस्तकात सोनेरी केसांचा एक मुलगा आजारी शेजारणीच्या दारापुढचा बर्फ फावड्यानं दूर करत होता. शेजाऱ्यावर प्रीती. मी मोठ्या भावनेनं वाचून दाखवलं आणि पुस्तक वर धरलं. मागच्या सतरंजीवरून प्रश्न आला, “सर, तिचा फ्रीज फुटला का?”

दुसऱ्या पुस्तकात एका मुलीनं आजीनं खिडकीत गार करत ठेवलेला केक न विचारता खाल्ला होता आणि पुढची दोन पानं ती रडत होती. आमच्या वर्गाला त्या पापाचं काहीच वाटलं नाही. उघड्या खिडकीत केक ठेवणाऱ्या आजीचं मात्र सगळ्यांना नवल वाटलं. “माकडं नाय येत का सर तिकडं?”

तेव्हा मी मंडळीच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, “आपल्या मुलांना आपली पुस्तकं हवीत. आपली माणसं, आपली गोदावरी, आपले डोंगर. मी काढतो.” बैठकीत असं उभं राहून बोलू नये हे मला या वयातही कळलेलं नाही. सगळ्यांनी लगेच मान डोलावली. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतंय असं दिसलं की आमच्या मंडळीत कमालीचं ऐक्य होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. हे वाक्य मी जितक्या ऐटीत म्हणतो, तितक्या ऐटीत माझे विद्यार्थी म्हणत नाहीत. डोंगर मला जमतात. पूल, नारळाचं झाड, सूर्योदय, एस.टी. बस, सगळं जमतं. माणसाचा हात मात्र जमत नाही. मी काढलेला हात गाजराच्या जुडीसारखा दिसतो. फळ्यावर चालून जातं, कारण मुलांना वाटतं सर घाईत आहेत. पुस्तकात काय करणार?

म्हणून माझ्या पहिल्या पुस्तकात, प्रामाणिकपणाच्या, सगळी मुलं हात पाठीमागे घेऊन उभी आहेत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आमच्या मंडळीतले सगळ्यांत ज्येष्ठ म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी मंडळी त्यांना गुरुजी म्हणते आणि जमेल तितकं टाळते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक पाहिलं आणि विचारलं, “पेन्सिल नेमकी चोरली कुणी? मला तर सगळ्यांचाच संशय येतोय.”

तरी छपाईचा भार गुरुजींनीच उचलला. त्यामुळे मुखपृष्ठाच्या आत त्यांचा फोटो आहे. फोटोतही ते माझी चूक शोधत असल्यासारखेच बघतात.

दुसरं पुस्तक क्षमेचं. त्यात दोन्ही मित्र कंपाउंडच्या भिंतीआडून एकमेकांना क्षमा करतात. नुसती डोकी दिसतात, आणि मागे खिडकीत एकाच्या बापाचं. बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, “अहो, तुमच्या पुस्तकातला बाप एकदाही ओरडत नाही. चित्रासाठी समोर बसवला कुणाला होता?”

मी कलावंत असल्यानं तिकडे दुर्लक्ष केलं.

तिसरं पुस्तक देण्याबद्दल हवं होतं. देवाला मनापासून द्यावं. आता देणं म्हटलं की हात आलाच. पाठीमागे हात ठेवून काही देता येत नाही, मी कागदावर करून पाहिलं. भिंतीआडून दिलं तर फेकल्यासारखं वाटतं. आठवडाभर अडलो. मग एका सकाळी सुचलं, कोंबडी! मुलीनं छातीशी कोंबडी धरली की दोन्ही हात पिसांत गडप. कोंबडी मला बरी येते. शेपटीचा पिसारा काढला की लोक बाकीचं माफ करतात. आता मुलीनं कोंबडी छातीशी धरलीये म्हणजे ती लाडकी असणार. लाडकी आहे आणि गोष्ट देण्याची आहे, म्हणजे तीच द्यायला हवी. अशा रीतीनं माझं सगळं धर्मशास्त्र बोटं काढता न आल्यामुळे तयार झालं.

गोष्ट अशी. कापणीच्या सणाला सगळे चर्चमध्ये काही ना काही आणतात. एक छोटी मुलगी आपली सगळ्यांत लाडकी कोंबडी आणते आणि देवाला देते. शेवटच्या पानावर तिचा मोठा चेहरा, या कानापासून त्या कानापर्यंत हसू, आणि खाली ठळक अक्षरात माझं वाक्य: “देवाला दिलेलं परत मागायचं नसतं. हसत हसत द्यायचं असतं.” हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःच जरा गहिवरलो होतो. गहिवरलेल्या माणसाला छापखान्यात जाऊ देऊ नये.

वर्गात ते पुस्तक फार चाललं. सगळ्यांत जास्त चाललं ते एका सात वर्षांच्या मुलीकडे. तिचे आईवडील सुरगाण्याकडचे. वडील नाशिकला कंपनीत लागले तशी सगळी इकडे सातपूरला राहायला आली. मे महिन्यात गावाकडून येताना आजीनं तिला एक पिल्लू दिलं होतं. ते जीपमध्ये, मग एस.टी.त, तिच्या फ्रॉकच्या ओच्यात बसून नाशिकला आलं आणि वाढून तांबडाभडक कोंबडा झालं. दर रविवारी प्रार्थनेच्या आधी आम्हाला त्याच्या बातम्या कळत. कोंबडा मिक्सरला घाबरतो. कोंबडा तिच्या चपलेवर झोपतो. प्रार्थनेचे विषय विचारले की मुलं परीक्षा, आजारी आजोबा असं सांगत, ही सांगे, “सर, त्याला शेजारच्या मांजरापासून राखायला सांगा.” आम्ही सगळे डोळे मिटून तसं सांगत असू.

आणि मग नोव्हेंबरात हार्वेस्ट आलं, म्हणजे आमचा कापणीचा सण.

हा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या रविवारी वेदीपुढे जागा राहत नाही. नवा तांदूळ, नागली, उसाच्या मोळ्या, सायखेड्याहून आलेले टोमॅटोचे क्रेट, भोपळे, कुणाचा केक, कुणाचं लोणचं. उपासना झाली की बाहेर मांडवात या सगळ्याचा लिलाव होतो आणि जमतील ते पैसे मंडळीच्या कामाला जातात. बाजारभावाशी या लिलावाचा काही संबंध नसतो. एकच पपई लोक घेतात, परत देतात, पुन्हा तिचा लिलाव होतो आणि संध्याकाळपर्यंत ती मऊ पडते. यात एक न लिहिलेला नियम आहे. लहान मुलानं स्वतःची वस्तू आणली असेल, तर पहिली बोली त्याच्या घरच्यांची, आणि लिलाव पुकारणाऱ्यानं तिथंच एका दमात “एक वार दोन वार तीन वार” म्हणून टाकायचं. मूल देवाला दिल्याच्या आनंदात, वस्तू घरी, मंडळीला चार पैसे. आमचे लोक फार व्यवहारी आहेत. हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. लिलाव पुकारणाऱ्याला तर असायलाच हवा.

पुकारणारा मी होतो. दर वर्षी मीच असतो, कारण माझा आवाज मोठा आहे आणि माइक हातात आला की मला बरं वाटतं.

मुलगी आली तीच कोंबडा छातीशी धरून. हुबेहूब माझं पान. दोन्ही हात पिसांत. चेहऱ्यावर या कानापासून त्या कानापर्यंत हसू. लोक “अगं बाई, पुस्तकातली मुलगी!” म्हणाले आणि चार मोबाइल वर झाले. लेखकाच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो. माझं पुस्तक पायांनी चालत माझ्याकडे येत होतं! मला काय झालं ते मलाच कळलं नाही.

“बघा मंडळी!” मी माइकवर सुरू केलं. “हा दुकानातला पांढराफटक ब्रॉयलर नव्हे! हा अस्सल गावठी! सुरगाण्याच्या डोंगराचा! नागलीवर पोसलेला! ही मांडी बघा! असा रस्सा नाशिकमध्ये शोधून मिळायचा नाही!”

रस्सा. मी रस्सा म्हणालो. ज्या जिवाला मांजरापासून राखावं म्हणून मी सहा महिने डोळे मिटत होतो, त्याच्या मांडीकडे मी बोट दाखवलं.

मुलीच्या वडिलांनी कोपऱ्यातून हात वर केला. नियमाप्रमाणे मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माइक हातात होता. “बस? एवढंच? अशा कोंबड्याला एवढंच? अहो, सणाचा दिवस आहे, हात मोकळा सोडा!” एकानं बोली वाढवली. वडिलांनी पुन्हा हात वर केला, या वेळी जरा खाली. मग पहिल्या रांगेतून गुरुजींची काठी वर झाली आणि तिच्यापुढे कुणी गेलं नाही. वडील हात खिशात घालून मांडवाच्या खांबाकडे पाहू लागले.

“एक वार! दोन वार! तीन वार!”

टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या. मग मुलीकडे पाहिलं. ती हसत होती. काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, कोंबडा तिच्या हातातून घेऊन पाय बांधले, तेव्हाही हसत होती. कोंबड्याला घेऊन गुरुजींची रिक्षा गेली तरी हसत होती. एवढा वेळ कुणी हसत नाही. माझ्या चित्रातल्या मुलीला चालतं, तिला कागदावरून खाली उतरायचं नसतं.

हे माझ्या ध्यानात आलं तोवर बायको शेजारी येऊन उभी होती. “गुरुजींचा जावई आलाय पुण्याहून,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या जेवणाला. काकू मघाशी वाटणाचं बोलत होत्या.”

“मग?”

“मग काय? तुम्हीच म्हणालात ना, असा रस्सा मिळायचा नाही.”

स्कूटर काढली. वाटेत एका दुकानातून ब्रॉयलर घेतला, काळ्या पिशवीत. मला वाटलं, जावयाला काय, कोंबडीशी मतलब.

गुरुजींच्या मागच्या अंगणात कोंबडा टोपलीखाली होता. जिवंत. काकू सुरीला धार लावत नव्हत्या, पण पाट्यावर खोबरं होतं. गुरुजी आरामखुर्चीत. येताना मी खरं बोलायचं ठरवलं होतं. पण गुरुजींचा चेहरा पाहिला आणि फोटोची आठवण झाली.

“गुरुजी, त्या कोंबड्याला मानमोडी झालीये,” मी म्हणालो. “आत्ताच कळलं. खाऊ नका. तुमच्या तब्येतीसाठी म्हणतोय.”

काकूंच्या हातातलं खोबरं थांबलं. “अगं बाई! आजारी कोंबडा देवापुढे आणला?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आता एक तर त्या पोरीनं देवाला रोगट जनावर दिलं, नाहीतर मी खोटं बोलतोय. टोपलीतून कोंबड्यानं त्याच क्षणी खणखणीत बांग दिली. दुपारचे दोन वाजत होते. एवढ्या आवाजात आरवायची तशी काही गरज नव्हती.

गुरुजी हसले नाहीत. “सर, तुमचं पहिलं पुस्तक कशावर होतं?”

“प्रामाणिकपणावर.”

“हात पाठीमागे का घेतलेत?”

मी खरोखरच हात पाठीमागे घेऊन उभा होतो. पिशवी लपवायला. पिशवीतून जमिनीवर थेंब पडत होते.

मग मी सगळं सांगितलं. कोंबडा त्या पोरीचा जीव आहे. वडिलांच्या बोलीवर थांबायला हवं होतं, मी थांबलो नाही. ती हसतेय कारण मी तसं छापलंय. “कोंबडा परत द्या गुरुजी.”

“पुस्तकात तर लिहिलंय, देवाला दिलेलं परत मागायचं नसतं.”

“ते चुकलं.”

“छापण्यापूर्वी मी विचारलं होतं, हे वाक्य नक्की ठेवायचं का. तुम्ही म्हणालात, तेच तर हृदय आहे पुस्तकाचं.”

“म्हणालो होतो.”

“मग पुढच्या रविवारी उपासनेनंतर उभे राहा आणि मंडळीला सांगा, शेवटचं पान चुकलं. माइक मिळेल. कोंबडा न्या.”

वाचकहो, मी लगेच हो म्हणालो असतो तर किती बरं दिसलं असतं. मी विचार केला. टोपलीतला कोंबडा एकीकडे आणि भरल्या मंडळीत “माझं पान चुकलं” हे दुसरीकडे, असं मी काही क्षण खरोखर तोलून पाहिलं. कोंबडे काय, पुष्कळ असतात, इथपर्यंत माझी मजल गेली. मग त्या रिक्षामागचं हसू डोळ्यापुढे आलं.

“सांगतो,” मी म्हणालो.

“जावयाला काय घालू?” काकूंनी विचारलं. मी पिशवी पुढे केली. त्यांनी आत डोकावून ती मला परत दिली. “अंडाकरी करते. त्याला कुठे काय कळतंय.”

सातपूरला पोचलो तेव्हा मुलगी खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. मी स्कूटरवरून टोपली उतरवली. मनात एक चित्र होतं: मुलगी धावत येते, कोंबडा फडफडतो, सर नम्रपणे बाजूला उभे. ती जागची हलली नाही.

“परत का आणला, सर?”

“तुझा आहे. गुरुजींनी दिला.”

“मी देवाला दिला ना.” आणि पुन्हा तेच हसू, ओठ ताणून. “परत घ्यायचं नसतं. पुस्तकात हाय.”

मी उंबऱ्यापुढे उकिडवा बसलो. माझ्या वयाला ते शोभत नाही, गुडघ्यालाही मानवत नाही. “ते देवानं नाही लिहिलं. मी लिहिलं.”

“देवानं तुम्हाला नाय सांगितलं?”

“नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

दिवसभरात पुरेसं खोटं झालं होतं. “मला हात काढता येत नाहीत,” मी म्हणालो. “बोटं जमत नाहीत. म्हणून कोंबडी काढली. कोंबडीच्या मागे हात झाकले जातात. आणि कोंबडी काढली म्हणून मग ती देऊन टाकायची गोष्ट केली.”

तिनं बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. “मग तुम्ही काय दिलं आज देवाला?”

“कोथिंबिरीची जुडी.”

“आवडती?”

“नाही. फ्रीजमध्ये होती.”

हसू गेलं. जणू कुणी खोडरबरानं पुसलं. ओठ थरथरले, नाक फुगलं, आणि तिनं असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. टोपली उलथवून तिनं कोंबडा ओढून घेतला, त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि हुंदके देत देत मला सांगितलं की मी लय वाईट आहे. कोंबड्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानंही मान लांब करून माझ्या मनगटाला चोच मारली.

आवाज ऐकून आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं पोरीकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली.

“काय केलंत ओ सर? सकाळपासनं कशी हसत होती पोर. तुम्ही आलात आन रडवलीत.”

मी म्हटलं, “हो. बरं झालं.”

तिनं पोरीला कोंबड्यासकट आत घेतलं आणि दार लोटून घेतलं. ते अगदी योग्यच केलं.